ओल्या भिंतींचे आजार

(आरोग्यविषयक व्याख्यानाचा शब्दांकित मजकूर)



२०२१ च्या मे महिन्यातील ते दिवस या शहरातील कोणीही विसरलेले नाही. कोरोनाच्या दुसऱ्या लाटेतून वाचून घरी परतलेली माणसे आठ-पंधरा दिवसांत पुन्हा रुग्णालयाच्या दारात उभी राहत होती. कोणाचा डोळा सुजलेला, कोणाचा गाल बधिर झालेला, तर कोणाचे दात अचानक हलू लागलेले. घाटी रुग्णालयात आणि शहरातील खाजगी रुग्णालयांत मराठवाड्याच्या गावोगावचे असे रुग्ण येत होते. अनेकांचा वरचा जबडा काढावा लागला, काहींचा डोळा गेला, काही परत घरी गेलेच नाहीत. ॲम्फोटेरिसिन-बी या औषधाच्या एकेका कुपीसाठी नातेवाइकांना वणवण करावी लागली. त्या वर्षीच्या जुलैपर्यंत देशात म्युकरमायकोसिसचे ४५ हजारांहून अधिक रुग्ण आणि ४,३०० हून अधिक मृत्यू नोंदले गेले. रुग्णसंख्येत महाराष्ट्र सर्वांत पुढे होता.

त्याच दिवसांत दुसरीही एक साथ आली, ती अफवांची. कांद्याच्या सालीवर दिसणारी काळी भुकटी आणि फ्रिजच्या दाराच्या रबरावर धरणारा काळा थर हीच ती जीवघेणी ‘काळी बुरशी’ होय, असा संदेश घरोघरी फिरला. गृहिणींनी कांद्याच्या पाट्या उकिरड्यावर नेऊन ओतल्या. वस्तुस्थिती निराळी होती. कांद्यावरची काळी बुरशी बहुधा ‘ॲस्परजिलस नायजर’ नावाची असते. म्युकरमायकोसिस घडवणाऱ्या बुरशींचे कुळच वेगळे, आणि त्या स्वतः काळ्याही नसतात. त्या रक्तवाहिन्यांत शिरतात, तेथील रक्तप्रवाह थांबतो आणि मृत झालेली ऊती काळी पडते, म्हणून ते नाव पडले. त्या बुरशींचे बीजाणू माती, शेणखत, कुजका पालापाचोळा यांतून हवेत नेहमीच असतात. निरोगी माणूस ते रोज श्वासावाटे घेतो आणि त्याचे काही बिघडत नाही. २०२१ मध्ये अनियंत्रित मधुमेह, कोरोनाने खचलेले शरीर आणि स्टेरॉइडचा अवाजवी वापर या तिन्हींची गाठ पडली, आणि एरवी निरुपद्रवी असलेल्या बीजाणूंना मोकळे रान मिळाले.

हा प्रसंग आज उगाळण्याचे कारण असे की, त्या साथीने आपल्याला बुरशीचे भय शिकवले, पण बुरशीची ओळख करून दिली नाही. भय ओसरले आणि घराच्या भिंतीवरचा काळा डाग पूर्ववत दुर्लक्षित राहिला. त्या डागाने जबडा काढावा लागत नाही हे खरे. परंतु तो डाग वर्षानुवर्षे, कोणताही गाजावाजा न करता, घरातल्या मुलाची आणि म्हाताऱ्या माणसाची छाती पोखरत असतो. आजचा विषय त्या डागाचा आहे.

बुरशी कशावर जगते?

बुरशी ही सृष्टीच्या व्यवहारातील एक आवश्यक सफाई कामगार आहे. पडलेली पाने, मेलेली लाकडे कुजवून मातीत मिळवण्याचे काम तीच करते. घरात तिला अन्नाची वाण कधीच नसते. लाकूड, कागद, कापड, रंगातील चिकट द्रव्ये, इतकेच काय, भिंतीवर बसलेली धूळही तिला पुरते. आपल्या घरातील उष्णताही तिला मानवते. तिला वाट पाहावी लागते ती एकाच गोष्टीची, पाण्याची. भिजलेली वस्तू एक-दोन दिवसांत वाळली नाही की तिच्यावर बीजाणू रुजू लागतात. प्रथम कुबट वास येतो, मग करडे, हिरवट, काळे ठिपके दिसतात, आणि तोवर बुरशीचे तंतू गिलाव्यात, लाकडात, गादीच्या कापसात खोलवर गेलेले असतात.

म्हणून बुरशीचा प्रश्न हा मुळात ओलीचा प्रश्न आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये घरातील ओल आणि बुरशी यांविषयी मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. हवेत अमुक इतके बीजाणू असले तर सुरक्षित आणि अमुक इतके असले तर धोकादायक, असा आकडा तिने दिला नाही, कारण तसा आकडा शास्त्राला ठरवता आलेला नाही. तिने सांगितले ते एवढेच की, घरात ओल टिकू देऊ नये आणि बुरशी वाढू देऊ नये. कुबट वास आणि ओला डाग दिसला की हवेच्या तपासण्यांवर पैसा घालण्यापेक्षा पाण्याचा माग काढावा.

कोरड्या शहरातील ओल्या भिंती

छत्रपती संभाजीनगर हे काही कोकणातील गाव नव्हे. वर्षाकाठी सरासरी ७०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणारे, उन्हाळ्यात चाळिशी ओलांडणारे हे शहर आहे. रत्नागिरीच्या माणसाने भिंतीवरच्या बुरशीसाठी आभाळाला दोष दिला तर तो समजण्यासारखा आहे. येथील माणसाला ती सोय नाही. येथे भिंत ओली राहते ती बहुतेक वेळा माणसाच्या हयगयीमुळे.

यात एक विचित्र विसंगती आहे. हे शहर वर्षानुवर्षे पाण्यासाठी तहानलेले आहे. पैठणचे जायकवाडी धरण हाकेच्या अंतरावर असताना नळाला पाणी काही दिवसांआड येते, हा येथील पिढ्यांचा अनुभव. परिणामी घरोघरी पाणी साठवणे आले. अंगणात हौद, गच्चीवर टाकी, न्हाणीघरात पिंप, आणि पाणी येताच लावायची मोटार. रात्री-अपरात्री पाणी सुटते, मोटार चालू राहते, टाकी भरून वाहते आणि ते पाणी गच्चीवरून भिंतीत उतरते. जमिनीखालच्या हौदाला तडा जातो आणि लगतच्या खोलीची भिंत बारमाही ओली राहते. दुष्काळी शहराच्या भिंती पाण्याने भिजाव्यात, हा दैवदुर्विलास येथे घरोघर पाहायला मिळतो.

उन्हाळ्यात आणखी एक पाहुणा येतो, तो म्हणजे कूलर. खिडकीत बसवलेल्या कूलरने खोली गार होते, पण समोरची खिडकी उघडी नसेल तर तीच खोली दमट होते. कूलरच्या ताट्या वर्षभर तशाच राहिल्या आणि तळातील पाणी साचून राहिले, तर पुढच्या चैत्रात पहिल्याच दिवशी येणारा तो कुबट वारा बुरशीचे बीजाणू घेऊनच येतो.

गुलमंडी, औरंगपुरा, राजाबाजार या जुन्या भागांतील वाड्यांचे दुखणे वेगळे आहे. वारसांचे वाद, कोर्टकज्जे, नाममात्र भाडे यांमुळे अनेक जुन्या वास्तूंना वर्षानुवर्षे डागडुजीचा हात लागत नाही. पन्हाळी फुटतात, माळवदात पिंपळ रुजतो आणि आत कुटुंबे राहतच असतात. सिडकोच्या जुन्या वसाहतींत मूळच्या छोट्या घरांवर मजले चढले, दोन घरांमधील मोकळी जागा बुजली, ऊन आणि वारा हद्दपार झाला. नव्या सदनिकांत वरच्या मजल्यावरील न्हाणीघर खालच्याच्या स्वयंपाकघरात ठिबकते आणि दोन शेजाऱ्यांमध्ये अबोला धरला जातो. अबोल्याने गळती मात्र थांबत नाही.

छातीवर होणारा परिणाम

ओल्या खोलीत राहणाऱ्या मुलाला सर्दी बारा महिने असते. रात्री खोकल्याची ढास लागते, पावसाळ्यात दम लागतो. आई त्याला डॉक्टरांकडे नेते, औषधाची बाटली येते, आठ दिवस बरे वाटते आणि पुन्हा तेच. डॉक्टर मुलाची छाती तपासतात, पण मुलाच्या उशाकडची भिंत तपासायला कोण जाणार? शाळेच्या सुट्टीत आजोळी गेल्यावर मुलाचा खोकला थांबतो, आणि घरी आल्यावर चार दिवसांत सुरू होतो. ही खूण अनेक आयांना ठाऊक असते, परंतु तिचा अर्थ त्यांना कोणी सांगितलेला नसतो.

शास्त्राने या बाबतीत निःसंदिग्ध कौल दिला आहे. ओल आणि बुरशी असलेल्या घरांत खोकला, घरघर, नाकाची ॲलर्जी आणि दमा यांचे प्रमाण अधिक आढळते, आणि ज्याला आधीच दमा आहे त्याचा तो बळावतो. बुरशीच्या बीजाणूंनी काहींच्या फुप्फुसात ॲलर्जीचा तीव्र विकार उद्भवतो. तो दम्यासारखा दिसतो, पण दम्याच्या नेहमीच्या औषधांना दाद देत नाही.

आपल्या देशाच्या दृष्टीने आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. क्षयरोगातून बरे झालेल्या अनेकांच्या फुप्फुसात पोकळी राहून जाते. त्या पोकळीत ॲस्परजिलस बुरशी घर करू शकते, तिचा गोळा बनतो आणि खोकल्यातून रक्त पडू लागते. क्षय पुन्हा उलटला असे समजून अशा रुग्णाला तीच औषधे पुन्हा दिली जाण्याचा संभव असतो. अवयव-प्रत्यारोपण झालेले, कर्करोगावर उपचार घेणारे, दीर्घकाळ स्टेरॉइड घेणारे, साखर आटोक्यात नसलेले मधुमेही, यांना तर बुरशीचा जंतुसंसर्ग प्राणघातक ठरू शकतो. ऑक्टोबर २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने सर्वाधिक धोकादायक बुरशींची पहिली यादी जाहीर केली. तिच्या अग्रभागी असलेल्या चार नावांत ॲस्परजिलस फ्युमिगेटस आहे. घरातल्या कुजक्या कचऱ्यात आणि ओल्या कोपऱ्यात वाढू शकणारी हीच बुरशी होय.

‘विषारी’ या शब्दाचे माप

बुरशी विष निर्माण करते का? करते. त्याचा दाखला आपल्याच देशात आहे. १९७४ मध्ये राजस्थान आणि गुजरातच्या सीमेवरील आदिवासी गावांत कावीळ आणि जलोदराची विलक्षण साथ आली. अवकाळी पावसात भिजून बुरसलेला मका लोकांनी खाल्ला होता. त्या मक्यात ॲस्परजिलस फ्लेव्हस बुरशीचे ॲफ्लाटॉक्सिन हे विष होते. ३९७ रुग्णांपैकी १०६ जण दगावले. १९९५ मध्ये दख्खनच्या पठारावर आंध्र आणि कर्नाटकातील काही गावांत पावसात काळी पडलेली ज्वारी आणि मका खाल्ल्याने पोटदुखी आणि अतिसाराची साथ आली. तिच्याही मुळाशी बुरशीचेच विष होते. ॲफ्लाटॉक्सिन यकृताच्या कर्करोगाला कारणीभूत ठरते हे सिद्ध झाले आहे, आणि नेहमीच्या शिजवण्या-भाजण्याने ते नष्ट होत नाही. म्हणून ओल्या खोलीत ठेवलेले शेंगदाणे, मका, ज्वारी यांना बुरा आला असेल, तर ते धुऊन, निवडून वापरण्याचा मोह टाळावा. गुरांनाही घालू नये, कारण ते विष दुधातून परत घरातच येते.

मात्र पोटात जाणारे विष आणि भिंतीवरून हवेत येणारे बीजाणू यांत फरक केला पाहिजे. अमेरिकेतील क्लीव्हलँड शहरात १९९३-९४ च्या सुमारास काही तान्ह्या मुलांच्या फुप्फुसांत रक्तस्राव झाला आणि ओल्या घरांतील ‘स्टॅकीबॉट्रिस’ या काळ्या बुरशीकडे बोट दाखवले गेले. तेथील रोगनियंत्रण केंद्राने २००० मध्ये तो सर्व तपशील पुन्हा तपासला आणि हा संबंध सिद्ध झालेला नाही असा निर्वाळा दिला. तेव्हा भिंतीवर काळा डाग दिसताच घरात विषवायू पसरला असे समजून घाबरण्याचे कारण नाही. डागाच्या रंगावरून बुरशीचा विषारीपणा ठरतही नाही. दम्याचे आणि ॲलर्जीचे नुकसान पुरेसे सिद्ध आहे, आणि घर कोरडे करण्यासाठी तेवढे कारण पुष्कळ झाले.

रंगाखाली झाकलेली ओल

इंग्लंडमधील रॉचडेल गावी डिसेंबर २०२० मध्ये अवाब इशाक नावाचा दोन वर्षांचा मुलगा वारला. त्याचे आईवडील भाड्याच्या सदनिकेत राहत होते. घरात बुरशी आहे अशी तक्रार वडिलांनी २०१७ पासून केली होती, आणि तिच्यावरून रंग मारा, असे त्यांना सांगण्यात आले होते. नोव्हेंबर २०२२ मध्ये मृत्यूची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने निर्णय दिला की, मुलाचा मृत्यू घरातील बुरशीच्या दीर्घ सान्निध्यामुळे जडलेल्या श्वसनविकाराने झाला. एका श्रीमंत देशाची त्यामुळे झोप उडाली. त्या मुलाच्या नावाने ओळखला जाणारा कायदा तेथे झाला, आणि ऑक्टोबर २०२५ पासून सामाजिक गृहसंस्थांना ओल आणि बुरशीच्या तक्रारींची ठरावीक मुदतीत दखल घेणे बंधनकारक झाले.

“तिच्यावरून रंग मारा” हे वाक्य आपल्याला परके वाटू नये. घरात लग्नकार्य निघाले की ओल्या भिंतीवर पुट्टी आणि वर चकचकीत रंग चढवला जातो. नवा भाडेकरू येण्याआधी घरमालक तेच करतो. दोन महिन्यांत रंगाचे पोपडे सुटतात, कारण भिंतीच्या पोटातील पाण्याला बाहेर यायला वाट हवी असते. काही ठिकाणी डागासमोर कपाट सरकवले जाते. कपाटामागे वारा खेळत नाही आणि बुरशीला निवांत जागा मिळते. काही घरांत कुबट वासावर धूप किंवा उदबत्ती हा तोडगा असतो. धूपाचे स्थान देवघरात आहे. त्याने वास काही काळ झाकला जातो, भिंत वाळत नाही, आणि दमेकरी मुलाला तो धूर आणखी त्रासदायक होतो.

जुन्या चालीरीतींतील शहाणपण

मराठवाड्याच्या खेड्यांतील धाब्याच्या घरांना दर उन्हाळ्यात, मृगाच्या आधी, वरून पांढरी माती चढवली जाई. पन्हाळी साफ होत, भेगा लिंपल्या जात. पावसाळा संपला की दसरा-दिवाळीच्या आधी घरातील प्रत्येक वस्तू बाहेर निघे. गाद्या-गोधड्या, धान्य, पोथ्या यांना ऊन दाखवले जाई आणि भिंतींना चुन्याची सफेदी दिली जाई. यात सणाचा उत्साह होता, तसेच पावसाळ्यात घरात शिरलेली ओल बाहेर काढण्याचे वार्षिक नियोजनही होते. चुना तीव्र अल्कधर्मी असल्याने त्यावर बुरशी सहसा धरत नाही, आणि चुन्याच्या गिलाव्यातून भिंतीतील बाष्प बाहेर पडू शकते. त्याच जुन्या भिंतीला सिमेंटचा गिलावा आणि तैलरंग दिला की ओल आत कोंडली जाते. जुने वाडे दुरुस्त करताना ही चूक सर्रास होते.

या जिल्ह्याला तर याचा आणखी मोठा धडा उपलब्ध आहे. वेरूळच्या लेण्यांतील मातीच्या गिलाव्यात भांगेच्या झाडाचे तंतू मिसळलेले आहेत, असे पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या आणि येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या अभ्यासकांनी २०१६ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात मांडले. हे तंतू ओलावा सामावून घेतात आणि किडीला दूर ठेवतात. अजिंठ्याच्या गिलाव्यात त्यांना हे तंतू आढळले नाहीत, आणि तेथील चित्रांचे किडीने मोठे नुकसान केले आहे. पाझरणारे पाणी आणि दर्शकांच्या श्वासातील बाष्प यांचीही अजिंठ्याला धास्ती असते. म्हणूनच चित्रांच्या लेण्यांत एका वेळी मोजक्याच लोकांना सोडले जाते. दीड हजार वर्षांपूर्वीच्या चित्रांसाठी जी काळजी घेतली जाते, तिचा अल्पांश तरी आपल्या मुलांच्या झोपण्याच्या खोलीला मिळावा, ही अपेक्षा अवास्तव नाही.

चरकसंहितेच्या सूत्रस्थानात रुग्णासाठी बांधावयाच्या घराचे वर्णन आहे. ते भक्कम असावे, वाऱ्याच्या थेट झोतात नसावे, पण त्याच्या एका भागात वारा खेळता असावा, आणि धूर, ऊन, पाणी व धूळ यांचा तेथे उपद्रव होऊ नये, अशा आशयाचे ते मार्गदर्शन आहे. घराची रचना हा चिकित्सेचाच भाग आहे, ही दृष्टी त्यामागे दिसते.

ओल कोठून येते ते ओळखावे

भिंतीत पाणी चार वाटांनी येते. पहिली वाट वरून. पावसात डाग वाढतो आणि उन्हाळ्यात सुकतो, तर दोष गच्चीचा, कठड्याचा वा पन्हाळीचा. दुसरी वाट बाजूने. डाग बारमाही ओला असेल तर नळ, न्हाणीघर, टाकी किंवा हौद तपासावा. रात्री सर्व नळ बंद करून टाकीतील पाण्याच्या पातळीवर खूण करावी. सकाळी पातळी उतरलेली दिसली तर गळती आहे हे निश्चित. तिसरी वाट जमिनीतून. जमिनीपासून हात-दोन हात उंचीपर्यंत ओलीचा पट्टा आणि त्यावर पांढरा लोणा फुटलेला असेल, तर पायातून पाणी चढत आहे. अशा वेळी भिंतीलगत साचणारे पाणी दूर काढावे, मातीचा भराव खाली करावा आणि जाणकार अभियंत्याचा सल्ला घ्यावा. चौथी वाट घरातील हवेची. कोंदट खोलीत कपडे वाळवणे, झडप बंद ठेवून स्वयंपाक करणे, कूलर लावून खिडक्या मिटणे यांनी बाष्प गार भिंतीवर बसते. भिंतीवर प्लॅस्टिकचा तुकडा चारी बाजूंनी चिकटवून दोन दिवस ठेवावा. त्याच्या आतल्या बाजूला पाणी धरले तर ओल भिंतीची, बाहेरच्या बाजूला धरले तर ओल खोलीच्या हवेची.

वाट बंद झाल्यावरच साफसफाईला अर्थ आहे. तीन-साडेतीन फूट लांब-रुंद एवढा डाग असेल तर घरच्या घरी काम होते. नाकातोंडावर एन-९५ मास्क आणि हातात रबरी मोजे असावेत, खिडक्या उघड्या असाव्यात. डाग कोरडा खरवडू नये, त्याने बीजाणू घरभर उडतात. साबणाच्या पाण्याने ओला करून पुसावा आणि भिंत पूर्ण वाळू द्यावी. ब्लीच वापरायचे असल्यास ते संडास साफ करण्याच्या आम्लात वा अमोनियात कधीही मिसळू नये, त्यातून विषारी वायू निघतो. बुरसलेली गादी, उशी, छताचे कुजलेले पीओपी वाचवण्याच्या फंदात पडू नये, ते टाकून द्यावे. दमेकरी, गर्भवती, मधुमेही, क्षयातून उठलेले आणि लहान मुले यांना त्या वेळी घरात थांबवू नये. डाग याहून मोठा असेल तर जाणत्या कारागिराकडून काम करून घ्यावे.

कर्तव्य कोणाचे?

घरमालक म्हणतो भाडेकरूने करावे, भाडेकरू म्हणतो घर माझे नाही, वरचा शेजारी म्हणतो गळती माझी नाही. कायद्याचे म्हणणे मात्र स्पष्ट आहे. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या १४ व्या कलमानुसार जागा राहण्याजोगी दुरुस्त ठेवणे हे घरमालकाचे कर्तव्य आहे. किमान १५ दिवसांची लेखी सूचना देऊनही त्याने दुरुस्ती केली नाही, तर भाडेकरू स्वतः दुरुस्ती करून तो खर्च भाड्यातून वळता करू शकतो. मात्र एका वर्षातील ही रक्कम त्या वर्षीच्या भाड्याच्या एक चतुर्थांशाहून अधिक असू शकत नाही. सहकारी गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींनुसार पावसाच्या पाण्याची आणि सामाईक नळांची गळती दुरुस्त करण्याचा भार संस्थेवर असतो. हे ठाऊक असले तर अर्धी भांडणे मिटतील.

जुन्या इमारतींना धोकादायक ठरवून नोटिसा दिल्या जातात, तेव्हा प्रश्न एवढाच विचारला जातो की, इमारत पडेल का? ती उभी राहूनही आत राहणाऱ्यांना आजारी पाडत आहे का, हा प्रश्न कोणाच्या नोंदवहीत नसतो. तो विचारायला सुरुवात आपण करावी. शाळेच्या, अंगणवाडीच्या, वसतिगृहाच्या खोल्यांपासून करावी, कारण तेथील मुलांना आपली खोली निवडता येत नाही. डॉक्टरांनी वारंवार खोकणाऱ्या मुलाच्या आईला एक प्रश्न अधिक विचारावा, घराच्या भिंतीला ओल आहे का? वस्तीतील तरुणांनी दसऱ्याआधीच्या एका रविवारी एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या गच्च्या आणि पन्हाळी साफ करून द्याव्यात. त्याला निधी लागत नाही. शिडी, फावडे आणि दोन तास पुरतात.

२०२१ ने आपल्याला कांदे फेकायला लावले. त्या भयातून काही शिकायचे असेल तर ते हे की, शत्रू कोठे आहे ते आधी नीट पाहावे. आज घरी गेल्यावर प्रत्येकाने कपाट दोन वीत पुढे ओढावे आणि मागची भिंत हाताने चाचपून पाहावी. ती कोरडी लागली तर समाधान मानावे. ओली लागली तर रंगाच्या दुकानात जाण्याआधी पाण्याची वाट शोधावी.